नाव गावाचं, निशाणी कारागिराची!

कोल्हापुरी आणि कुरुंदवाडी चपलेच्या नावावरून भांडणाऱ्या सर्वांना जाहीर विनंती

समस्त कुरुंदवाडकर बंधू-भगिनींनो, चप्पल कारागिरांनो, दुकानदारांनो आणि गिऱ्हाइकांनो,



हे पत्रक कुणा एका दुकानाच्या बाजूने नाही आणि कुणा एकाच्या विरोधातही नाही. ज्याने आयुष्यभर याच चपला पायात घातल्या, त्या एका गिऱ्हाइकाने ते काढलं आहे. आपल्या डोळ्यांदेखत घरचंच माणूस घरच्या नावाला बट्टा लावतंय, हे आता बघवत नाही म्हणून काढलं आहे.

आपल्या पंचक्रोशीतल्या आणि कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतल्या पाट्या वाचत चाला. 'अस्सल', 'मूळ', 'एकमेव', 'आमची कोठेही शाखा नाही', 'नावाशी साधर्म्य पाहून फसू नका'. ही वाक्यं रेक्झिनची चप्पल विकणाऱ्याला उद्देशून लिहिलेली नाहीत, शेजारच्या दुकानाला उद्देशून लिहिलेली आहेत. दोन वर्षांपूर्वी मी एका दुकानात पायताण घ्यायला गेलो. दुकानदाराने तळ दाखवला नाही, शिलाई दाखवली नाही. आधी शेजाऱ्याचं उणं काढलं. "त्याचा माल तिकडचा, कर्नाटकातला. खरी चप्पल आमचीच." शेजारी गेलो, तर तिथेही तेच ऐकलं. दोघे एकाच भावकीतले, लग्नकार्यात एका पंगतीला बसणारे. दोन्ही जोड उलटे करून पाहिले. तीच कमावलेल्या चामड्याची वादी, तसाच हाताने शिवलेला तळ. खोटं काही होतंच, तर ते फक्त एकमेकांबद्दलचं बोलणं!

नाव आलं कुठून?

कोल्हापुरी हे कुणा दुकानाचं नाव नाही. कापशी, कुरुंदवाडी ही घाटांची नावंही दुकानांवरून पडलेली नाहीत, ती गावांवरून पडली. एका गावातल्या अनेक हातांनी, अनेक पिढ्या, एका वळणाची चप्पल शिवली, म्हणून गिऱ्हाइकाने त्या वळणाला गावाचं नाव दिलं. नाव ठेवणारे आपण नव्हतोच, ते गिऱ्हाइकाने ठेवलं. मग त्यावर एकट्याची मालकी सांगायची कुणी?

ही चप्पल होते कशी, तेही आठवा. म्हशीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवून कमावायचं. रापीने तळ कापायचा, ठोकून दाबायचा, आरीने भोकं पाडून चामड्याच्याच वादीने शिवायचा. खिळा नाही की चुका नाही. कान, पट्टा, अंगठा आणि वर बारीक वेणी. कातडं कमावणारा एक, तळ शिवणारा दुसरा, आणि वेणी घालणारी बहुतेक वेळा घरातली बाई. पाटीवर मात्र 'अँड सन्स'! जिच्या बोटांनी वेणी घातली, तिचं नाव एकाही पाटीवर नाही. नावासाठी भांडणाऱ्यांनी आधी या प्रश्नाचं उत्तर द्यावं.

आणि 'तिकडचा माल' म्हणजे तरी काय? दूधगंगा ओलांडली की सदलगा, एकसंबा. पुढे निपाणी, अथणी. अथणीत कारागिरांची घरंच्या घरं हीच चप्पल शिवतात, आणि तो माल कोल्हापूरच्या बाजारात येतो, ही गोष्ट धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपल्याकडचा चर्मकार समाज संत रोहिदासांना मानतो. तिकडचे समगार हरळय्यांना मानतात, ज्यांनी बाराव्या शतकात बसवेश्वरांसाठी स्वतःच्या अंगाच्या कातड्याची पायताणं केली अशी कथा सांगतात. संत दोन असतील, पण आरी एकच आहे. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा नकाशावर रेघ ओढली गेली. चामड्याला ती रेघ कधी कळली नाही.

कायदा काय सांगतो?

कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनासाठी 2009 मध्ये अर्ज झाला आणि डिसेंबर 2018 मध्ये नोंदणी झाली. ही नोंदणी दोन महामंडळांची मिळून आहे. आपल्याकडचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकातलं डॉ. बाबू जगजीवन राम चर्मोद्योग विकास महामंडळ, म्हणजे लिडकर. जिल्हे आठ: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. या आठ जिल्ह्यांत ठरलेल्या पद्धतीने चप्पल शिवणारा प्रत्येक कारागीर या नावाचा हक्कदार आहे. त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घ्यावी, इतकंच.

1999 च्या भौगोलिक मानांकन कायद्याची दोन कलमं प्रत्येक दुकानदाराने पाठ करावीत. कलम 24 सांगतं की मानांकनाचा हक्क विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. नोंदलेला कारागीर गेला तर तो हक्क त्याच्या वारसाकडे जातो. कलम 25 सांगतं की असं मानांकन कुणा एकाचा ट्रेडमार्क म्हणून नोंदता येत नाही. म्हणजे जे नाव सावकारालाही ओढून नेता येत नाही, ते शेजाऱ्याने नेलं म्हणून आपण ओरडतो आहोत!

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, नाहीतर हे पत्रक लबाडाच्या हातातली ढाल होईल. शेजाऱ्याच्या घराण्याचं नाव, त्याच्या पाटीची अक्षरं, त्याच्या खोक्याचा रंग आणि त्याचा शिक्का उचलून गिऱ्हाइकाला भुलवणं ही चोरी आहे. तिला सामाईक वारसा म्हणता येणार नाही. कायदा अशा चोरीला आवर घालतो आणि गावानेही घातला पाहिजे. स्वतःचं आडनाव किंवा आपल्या धंद्याच्या गावाचं नाव प्रामाणिकपणे लावणं वेगळं, आणि दुसऱ्याची ओळख अंगावर चढवणं वेगळं. पहिल्याला ट्रेडमार्क कायद्याचं कलम 35 संरक्षण देतं. दुसऱ्याला कुणीच देऊ नये.

भांडणात जिंकतो कोण?

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. ओरड झाली तेव्हा कंपनीने या चपलेचं मूळ मान्य केलं. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती जुलैत फेटाळली गेली. न्यायालयाचं म्हणणं असं की याचिका करणारे या मानांकनाचे नोंदणीकृत मालक नाहीत. ज्यांचा हक्क आहे त्यांनी यावं. डिसेंबर 2025 मध्ये प्राडाने करार केला, तो लिडकॉम आणि लिडकर या दोघांशी. कोल्हापूर खरं की अथणी खरं, हा वाद मिलानला कुणी विचारला नाही. नोंदवहीत ज्यांची नावं एकत्र होती, त्यांच्याशीच बोलणी झाली.

यातून धडा एकच. नोंदीत नसलेल्याचा आवाज न्यायालयातही पोचत नाही, आणि एकत्र नसलेल्याचा बाजारात पोचत नाही. आपण 'मूळ कोण' म्हणून भांडत बसलो, तोवर कारखान्यातला सोल, रेक्झिनचा पट्टा आणि खिळ्याने ठोकलेली टाच 'कोल्हापुरी' म्हणून देशभर विकली जाते. शेजाऱ्याला खोटं ठरवताना आपण गिऱ्हाइकाला शिकवतो की या बाजारात कुणावरच भरवसा ठेवू नको. मग ते स्वस्तातलं घेतं आणि निघून जातं. आपण दोघेही हातात आरी घेऊन बसून राहतो.

वाटून घेणं आपल्याला नवं नाही

कुरुंदवाडकरांनो, जरा आपल्याच गावाकडे पाहा. 1854 साली पटवर्धनांच्या या संस्थानाची वाटणी झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती झाल्या. मुलूख वाटला गेला, उत्पन्न वाटलं गेलं, गावं वाटली गेली. नाव मात्र वाटलं गेलं नाही. दोन्ही पाती कुरुंदवाडच म्हणवल्या, 1948 च्या विलीनीकरणापर्यंत. दोन राजांना एक नाव पुरलं, ते चार दुकानांना पुरणार नाही?

मिरज आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये मानांकन मिळालं. अर्ज करणाऱ्या संस्था दोन होत्या, पण दोन्ही वाद्यांच्या नावात पहिला शब्द मिरज हाच आहे. पैठणीचं नाव पैठणचं, पण माग जास्त चालतात ते येवल्यात, आणि तरीही दोन्हीकडचे विणकर एकाच मानांकनाखाली आहेत. येवलेकराने पैठणी विणली म्हणून पैठणची इज्जत गेली नाही, उलट ते नाव जिवंत राहिलं.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. याच गावात पाच मशिदींत गणपती बसतो. ही रीत पाहायला बाहेरून लोक येतात, वर्तमानपत्रांत लिहून येतं. ज्या गावाने देवाची जागा वाटून घेतली, त्या गावाला पाटीवरचा एक शब्द वाटून घेता येऊ नये? 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेचं पाणी शिरोळ तालुक्यात घुसलं तेव्हा भिजून फुगलेलं चामडं कुणाच्या पाटीखालचं आहे, हे कुणी पाहिलं का?

आमच्या मागण्या

1. 'कोल्हापुरी' आणि 'कुरुंदवाडी' ही नावं सर्वांची आहेत असं चप्पल व्यावसायिकांनी एकत्र बसून मान्य करावं आणि तसा लेखी ठराव करावा.

2. 'एकमेव', 'फक्त आमचीच खरी' असे शेजाऱ्याला खोटं पाडणारे शब्द पाट्यांवरून उतरवावेत. पाटीवर जुनेपणा सांगायचा तर साल लिहावं, आणि ते खरं लिहावं.

3. प्रत्येक कारागिराने आपला स्वतःचा शिक्का तळावर उठवावा. वर गावाचं नाव, खाली हाताची निशाणी. वेणी घरातल्या बाईने घातली असेल तर तिचंही नाव यावं.

4. दुसऱ्याचा शिक्का, घराण्याचं नाव किंवा खोका उचलणाऱ्याला समाजाच्या बैठकीत जाब विचारावा. ऐकलं नाही तर कायद्याचा रस्ता धरावा.

5. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करण्यासाठी लिडकॉमने तालुक्याला शिबिर घ्यावं. फी नाममात्र आहे, अडतं ते कागदांपाशी. कारागिराचा दिवस मोडून त्याला जिल्ह्याला हेलपाटे घालायला लावू नयेत. चपलेच्या खरेपणासाठी लिडकॉमने आणलेली क्यूआर कोडची सोयही शेवटच्या घरापर्यंत पोचावी.

6. खिळा मारलेली, रेक्झिनची चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून विकणाऱ्या दुकानांविरुद्ध सर्वांनी मिळून तक्रार करावी. खरा चोर तिथे आहे.

गिऱ्हाइकांना दोन शब्द

चप्पल हातात घ्या आणि उलटी करा. वादीची शिलाई शोधा, खिळा दिसतो का बघा. चामड्याचा वास घ्या. कुणी शिवली ते विचारा. शेजाऱ्याची निंदा ऐकवून माल गळ्यात मारणाऱ्याला तोंडावर सांगा, की तुमची चप्पल दाखवा, त्याची नको. घासाघीस करताना एवढं लक्षात ठेवा की तुम्ही कमी केलेले पन्नास रुपये दुकानदाराच्या नाही, आरी धरणाऱ्याच्या खिशातून जातात.

कारागीर बंधूंनो आणि भगिनींनो, कुरुंदवाडी चपलेचं नाव तुमच्या वाडवडिलांनी घामाने कमावलं, तेव्हा कुणी पाटी लावली नव्हती. ते नाव वाटून घेतलंत तर वाढेल, ओढाताण केलीत तर वादीसारखं मधोमध तुटेल. येत्या बाजाराच्या दिवशी दुकान उघडण्याआधी शेजाऱ्याच्या दुकानात जा, चहा मागवा, आणि ठरावाचा पहिला कागद तिथेच लिहा.

आपला नम्र,
एक कुरुंदवाडकर

(हे पत्रक वाचून झाल्यावर फेकू नये, शेजाऱ्याला द्यावे.)