बेरीज ताडून पाहा!

आपल्या सिंधुदुर्गच्या जिल्हा प्रशासनाने २०२५ साली कारभारात एआय आणले. मालवणात संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनीही कोपायलटसारखा मदतनीस जरूर घ्यावा. प्रोग्रामच्या ओळी तो भराभर लिहितो. चूकही तितक्याच ठामपणे करतो. त्याच वर्षी अमेरिकेतील मीटर नावाच्या संस्थेने १६ मुरलेल्या प्रोग्रामरांवर प्रयोग केला. एआयमुळे काम २० टक्के लवकर झाले, असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात १९ टक्के वेळ जादा लागला. आम्ही कारकून माणसे. दुसऱ्याची बेरीज ताडून पाहिल्याशिवाय सही करीत नाही. मुलांनीही थोडे थोडेच लिहून घ्यावे, चालवून पाहावे, ओळ न् ओळ समजून घ्यावी. नोकरीच्या मुलाखतीत अर्थ विचारतील, तेव्हा मदतनीस शेजारी नसेल!