कुरकुरणाऱ्या प्रेक्षकाची बाजू

मराठी चित्रपटाविषयी बोलताना हल्ली आवाज खाली ठेवावा लागतो. चित्रपट आवडला नाही असे म्हटले की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, मराठी माणसानेच नावे ठेवली तर मराठी चित्रपट चालायचा कसा? दुसरा, त्यामागे किती जणांचे कष्ट आहेत याची कल्पना आहे का? या दोन्ही प्रश्नांत चित्रपट कुठेच नाही. एकात भाषेविषयीची निष्ठा आहे, दुसऱ्यात घामाविषयीचा आदर. कादंबरीच्या बाबतीत असा युक्तिवाद कोणी केला, तर पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हसेल. कष्टाने लिहिलेल्या वाईट कादंबऱ्यांनी आपली ग्रंथालये भरलेली आहेत. चित्रपटाच्या बाबतीत मात्र आपण तोच युक्तिवाद मुकाट्याने मान्य करतो.

प्रस्तुत लेखक हा खडूस प्रेक्षक आहे. तिकीट काढून बसतो, मध्यंतरापर्यंत मत बनवतो आणि बाहेर पडताना ते मोठ्याने बोलतो. अभ्यासक याला शेरेबाजी म्हणतात. म्हणोत बापडे. चित्रपटाचे भवितव्य शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत ठरत असेल, तर सहा महिन्यांनी शोधनिबंध लिहून कोणाचे भले होणार? म्हणून गेल्या काही वर्षांत पडद्यावर आलेल्या चित्रपटांविषयीचे शेरे आधी नोंदवतो, समर्थन नंतर.

'फर्जंद' (2018), 'फत्तेशिकस्त' (2019), 'पावनखिंड' व 'शेर शिवराज' (दोन्ही 2022) आणि 'सुभेदार' (2023). दिग्दर्शक दिग्पाल लांजेकर. मोहिमा पाच, चित्रपट एकच. मावळा पहिल्या दृश्यापासून मरायला तयार असतो. त्याला शंका येत नाही, भीती वाटत नाही. तलवार संथगतीने उठते आणि कधी गहिवरायचे ते पार्श्वसंगीत सांगते. अज्ञानदासाने अफजलखानाच्या वधावर आणि तुळशीदासाने सिंहगडावर पोवाडा रचला, त्यांतही अतिशयोक्ती आहेच. पण शाहिराला गळा आणि डफ एवढ्यावर गड उभा करायचा असतो, म्हणून त्याचा शब्द राबतो. इथे गड संगणकावर उभा राहतो आणि शब्दाला घोषणेपलीकडे काम उरत नाही.

'छावा' (2025). भाषा हिंदी, मूळ मराठी. शिवाजी सावंतांच्या 1979 च्या कादंबरीची अलंकृत शैली न आवडणारे पुष्कळ आहेत, परंतु त्या कादंबरीला संभाजीराजांचे मन हवे होते. चित्रपटाला त्यांचा देह हवा आहे, तोही साखळदंडांत. प्रदर्शनापूर्वी झलकेतले राजांचे लेझीम खेळणे वादात सापडले आणि ते दृश्य गाळण्यात आले. संस्कृतात 'बुधभूषण' रचणारा राजा क्षणभर आनंदाने नाचला, हे आपल्याला सोसले नाही. त्याचा छळ मात्र आपण लहान मुलांना शेजारी बसवून पाहिला. आपल्या अभिरुचीविषयी याहून अधिक काय सांगावे?

'वेड' (2022). 'मजिली' या 2019 च्या तेलुगू चित्रपटाचा मराठी अवतार. नवरा दाढी वाढवून पहिलीसाठी झुरतो, बायको सोसते, आणि त्या सोसण्याला प्रेम म्हणायचे. 'माहेरची साडी'ला (1991) तीन दशके होऊन गेली. साडी बदलली, सोसणे तेच.

'बाईपण भारी देवा' (2023). सहा बहिणी, सहा दुखणी आणि सर्वांवर मंगळागौरीचा एकच काढा. बायकांचे थवे नटूनथटून चित्रपटगृहांत आले, ही त्या वर्षाची खरी घटना. त्या बायका घरून जेवढे काही मनात घेऊन आल्या असतील, त्याच्या निम्मेही पडद्यावर नव्हते.

'दशावतार' (2025). दिलीप प्रभावळकरांच्या बाबुली मेस्त्रीला पूर्वार्धात रंग लावताना पाहावे आणि मध्यंतरात उठावे. तोवर दिसतो तो थकलेला, मिस्कील कलावंत. उत्तरार्धात लोककला सूडाचा पोशाख होते. खाणीने पोखरलेला डोंगर हा सरकारी कागद, पैसा आणि गावातली फितुरी यांचा गुंता आहे. तो अवताराच्या हातून सुटतो असा दिलासा देणे म्हणजे प्रेक्षकाला झोपेची गोळी देणे.

आता खडूसालाही बोलायला जागा न ठेवणारे तीन. 'वाळवी' (2023): खून, लबाडी, आणि दोन तासांच्या आत घरी. परेश मोकाशी कोणत्याही पात्रासाठी आपली सहानुभूती मागत नाहीत, म्हणून आपण जागे राहतो. 'स्थळ' (2025): विदर्भातल्या शेतकऱ्याच्या मुलीला पाहायला पुन्हापुन्हा माणसे येतात, पुन्हापुन्हा तेच प्रश्न. जयंत सोमलकरांनी पुनरावृत्तीलाच रचना केले आहे. आपण प्रथम हसतो, मग हसणे अवघड होत जाते. रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' (2025): वडिलांच्या मृत्यूनंतर गावी दहा दिवसांचे सुतक, लग्नाविषयी टोचणारे नातेवाईक, आणि त्यांच्या देखत, त्यांच्या नकळत दोन पुरुषांतले हळुवार प्रेम. घोषणा एकही नाही. सनडान्स महोत्सवात याला परदेशी कथापटांच्या विभागातले सर्वोच्च पारितोषिक मिळाले. न मिळते तरी शेरा हाच राहिला असता.

काही शेरे अन्यायकारक असतील. वाचकांनी ते खोडून काढावेत. शेरा असतोच त्यासाठी. परंतु नुसते गप्प बसल्याने काय होते, ते 2022 च्या नोव्हेंबरात ठाण्यात दिसले. 'हर हर महादेव'चा खेळ एका पक्षाच्या लोकांनी बंद पाडला आणि दुसऱ्या पक्षाच्या लोकांनी तो पुन्हा सुरू करवला. चित्रपट म्हणून तो कसा आहे, हा प्रश्न त्या गोंधळात ऐकूच आला नाही. ऐतिहासिक चित्रपटाच्या प्रेक्षकाला आपण दोनच भूमिका शिल्लक ठेवल्या आहेत: जयघोष करणाऱ्याची आणि खेळ बंद पाडणाऱ्याची. दोघांनाही चित्रपट बघावा लागत नाही. तिसरी भूमिका पुरता चित्रपट बघून 'हे फसले आहे, आणि अमुक ठिकाणी फसले आहे' असे म्हणणाऱ्याची. ती रिकामी पडली की पहिल्या दोघांचे फावते. कुरकुरणारा प्रेक्षक पडदा फाडत नाही, आरतीही ओवाळत नाही. मतभेदाची सवय समाजाला लागते ती अशाच किरकोळ, रोजच्या कुरकुरीतून.

धंदा लहान आहे, टीकेने मरेल, हा आक्षेप उरतो. राज्य शासनाने 2015 मध्ये मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना मोक्याची वेळ देण्याचे धोरण आणले. पडदा मिळावा यासाठी ते योग्यच होते. पण धोरणाने पडदा मिळतो, प्रेक्षक नाही. 'श्वास'ला (2004) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'श्यामची आई' (1953) नंतर मराठीला पहिल्यांदाच. 'सैराट'साठी (2016) गावोगावी रांगा लागल्या. यांपैकी एकाही चित्रपटाला कोणाची दया मागावी लागली नव्हती. दयेवर जगणारी कला आधी दयेला साजेशी होते, नंतर दयनीय होते.

म्हणून साहित्याच्या अध्यापकांना एक विनंती. कादंबरीतले निवेदन भावुक कुठे होते, हे तुम्ही वर्गात नेमके दाखवता. मग त्याच विद्यार्थ्याने चित्रपटगृहात शिरताना ती नजर दाराशी का ठेवावी? त्याला सोमवारी वर्गात दोन ओळींचा शेरा लिहायला सांगा आणि 'का?' एवढाच प्रश्न विचारा. उत्तरादाखल तो लिहील ती समीक्षा.

बाकी, पुढच्या शुक्रवारी प्रस्तुत लेखक पुन्हा तिकीट काढणार आहेच. ज्याला आशा उरलेली नसते, तो कुरकुरत नाही, घरी बसतो.