मुरगळलेल्या पायाला घराने विसावा द्यावा

किनवट तालुका डोंगराचा. कापसाचे रान असो की उन्हाळ्यातली तेंदूपाने, उंचसखल जमिनीवर राबणाऱ्याचा पाय कधी ना कधी मुरगळतोच. मग घरचे गरम तेलाने चोळतात, कुणाकडून तरी झटका देऊन घेतात आणि दुसऱ्या दिवशी बाई लंगडत कामावर जाते. या तिन्ही गोष्टींनी दुखणे वाढते.

घोट्याची हाडे बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांना लिगामेंट म्हणतात. पाय आत वळला की बाहेरच्या बाजूचा पट्टा ताणतो किंवा फाटतो. पहिले दोन-तीन दिवस चोळू नये, शेकू नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा लावावा. क्रेप बँडेज बांधून पाय उशीवर उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर गोकुंद्याचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे, एक्स-रे काढावा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. मात्र एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही. हाड शाबूत असले तरी पट्टा फाटलेला असू शकतो.

ताणलेला पट्टा एक-दोन आठवड्यांत सावरतो, अर्धवट फाटलेला तीन ते सहा आठवड्यांत. पूर्ण फाटला तर तीन महिनेही लागतात. सूज उतरू लागली की पाय हळूहळू हलवावा, पुढे भिंत धरून टाचा उचलाव्यात. घाईने ओझे उचलले तर तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो.

पण मजुरी बुडवून बसायचे कोणाच्या जिवावर? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी तेव्हाच झाली आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा आला. कारखान्यातल्या विमाधारक कामगाराला आजारपणात भत्ता मिळू लागला, शेतमजूर मात्र बाहेरच राहिला. तो हक्क आपण मागत राहिलेच पाहिजे.

तोवर हापशाचे पाणी मुलांनी आणावे, भाकरी नवऱ्याने थापावी. बचत गटाने दोन आठवड्यांच्या किराण्यापुरते पैसे बिनव्याजी द्यावेत. आणि खाटेवर पाय उंच करून बसलेल्या बाईला कुणी आळशी म्हणू नये.