जुना संगणक व मोटारशर्यतीचा खेळ

परीक्षा संपताच पाटणच्या कित्येक घरांतून एकच हट्ट ऐकू येतो: मोटारशर्यतीचा खेळ अडखळतो, सबब हप्त्यांनी का होईना, नवा संगणक हवा. आमच्या मते पालकांनी इतक्यात कर्जाच्या वाटेस जाऊ नये. प्रथम पंख्यातील धूळ झाडावी व खेळाचे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावे. रंगवावयाचे ठिपके निम्म्याहून कमी होतात, आणि दमडीही लागत नाही. एसएसडीची थोरवी दुकानदार फार गातात. तिने खेळ लवकर उघडतो खरा, परंतु वळणावरचे अडखळणे सहसा जात नाही. निराळे ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक चित्रांसाठी रॅममधूनच जागा उसनी घेतो. तेथे ४ जीबीची एकच पट्टी असल्यास जोडीस तशीच दुसरी बसवावी. मात्र डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही, म्हणून कराडास जाण्यापूर्वीच पट्टीवरील अक्षरे टिपून घ्यावीत.