परदेशी तज्ज्ञ यावा, विद्या ठेवून जावा

जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. तेव्हापासून एक आक्षेप वारंवार कानी पडतो: कंपन्या स्वतः हमी घेऊन, व्हिसा काढून परदेशी तज्ज्ञ आणणार, मग बिडकीन-शेंद्र्यात उद्योगांसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पोरांनी काय करायचे? या प्रश्नामागची कळकळ खरी आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र खरा नाही.

आधी नोकऱ्यांचे पाहू. ज्या कामाला पात्र भारतीय माणसे मिळतात, त्यासाठी भारताचा रोजगार व्हिसा देऊ नये असा नियम आहे. कारकुनी किंवा साध्या कामालाही तो मिळत नाही. काही अपवाद सोडले तर वार्षिक पगार १६.२५ लाख रुपयांच्या वर असावा लागतो. आयटीआय झालेल्या मुलाच्या जागी एवढ्या पगाराचा परदेशी माणूस कोणती कंपनी उभा करील? त्या मुलाचा घास हिरावते ती वर्षानुवर्षे कंत्राटावर राबवून घेण्याची रीत. लढायचे तर तिच्याशी लढावे.

दुसरा आक्षेप स्वाभिमानाचा: आमच्याकडे इंजिनिअर कमी आहेत का? मुळीच नाहीत. पण पदवी वेगळी आणि नवे यंत्र बसवून, त्याची खोड ओळखून, पहिला निर्दोष माल बाहेर काढणारा हात वेगळा. तो हात अनुभवी माणसाशेजारी उभे राहूनच तयार होतो. शिकण्यात कमीपणा कसला? १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे आपले शहर, वसवणारा मलिक अंबर हबशी होता, गुलाम म्हणून विकला जाऊन दख्खनेत आला होता. त्याच्या नहरीचे पाणी पिताना या शहराने त्याचे मूळ गाव विचारले नाही.

उलट बाजूने काही उद्योजक म्हणतात, अटी सैल करा, हवी तितकी माणसे आणू द्या. हेही मान्य होण्यासारखे नाही. हा व्हिसा एका मालकाशी बांधलेला असतो. नोकरी बदलण्याची मोकळीक जवळजवळ नसतेच. पगाराची अट काढली, तर असा अडकलेला माणूस स्वस्तात राबवला जाईल आणि त्याच्या नावाने इथल्यांचा पगारही खाली ओढला जाईल.

मग हवे काय? उत्तर चिकलठाणा एमआयडीसीत आहे. तिथली इंडो-जर्मन टूल रूम जर्मनीच्या तांत्रिक सहकार्यातून उभी राहिली. आज तिथे मराठवाड्याची मुले डाय आणि मोल्ड बनवायला शिकतात. विद्या परदेशातून आली आणि इथली झाली, कारण शिकवणे हेच त्या सहकार्याचे काम होते.

तीच अट प्रत्येक व्हिसाला हवी. कंपनीने परदेशी तज्ज्ञासाठी हमी घेताना त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या दोन स्थानिकांची नावे द्यावीत. मुदतवाढ मागताना ते दोघे काय शिकले, कोणते काम आता स्वतंत्रपणे करतात, हे दाखवावे. दाखवता आले नाही तर मुदतवाढ मिळू नये. राज्य सरकार जमीन आणि सवलती देते, तेव्हा शिकवण्याची ही अट करारात लिहून घेण्याचा त्याला पुरता हक्क आहे. बिडकीनच्या शेतकऱ्याने आपली जमीन कायमची दिली. त्याच्या मुलाच्या हाती विद्याही कायमची यायला हवी.