खाडीच्या चिखलाची साक्ष

भांडुपच्या पश्चिमेस, डोंगराच्या पायथ्याशी, महानगरपालिकेचे अवाढव्य जलशुद्धीकरण संकुल उभे आहे. मुंबईकरांच्या पिण्याचे पाणी तेथे शुद्ध होते. त्याच भांडुपच्या पूर्वेस शहराने वापरून टाकलेले पाणी ठाण्याच्या खाडीत सोडले जाते. पहिल्या टोकाची काळजी सर्वांनाच असते. दुसऱ्या टोकाचा प्रश्न मात्र रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागले की हटकून मागे पडतो.

या खाडीचा काही भाग 2015 साली अभयारण्य झाला. 2022 साली तिला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. हे स्वागतार्हच आहे. परंतु पक्षी आले म्हणजे खाडी निरोगी आहे, हा निष्कर्ष सोयीस्कर असला तरी शास्त्राला धरून नाही.

ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलावर तपकिरी-हिरवा, निसरडा थर दिसतो. तो असंख्य एकपेशीय शैवालांचा, मुख्यतः डायाटमांचा, असतो. सूर्यप्रकाशात ही शैवाले अन्न निर्माण करतात आणि आपल्या चिकट स्रावाने चिखल बांधून ठेवतात. बोय, निवट्या, शिंपल्या, किडे यांचे पोषण त्यांच्यावर होते आणि त्या जीवांवर कोळ्याचे जाळे अवलंबून असते. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद मिळाले की शैवाले फोफावतात आणि लहान रोहितांना मुबलक खाद्य मिळते. मात्र फोफावतात त्या घाण सोसणाऱ्या मोजक्या जाती. नाजूक जाती नाहीशा होतात. वाढीव सेंद्रिय गाळ कुजताना प्राणवायू संपतो, चिखल काळा पडतो आणि त्यात राहणारे जीव गुदमरतात. त्यात भर कारखान्यांतून आलेल्या धातूंची; समोरच्या काठावर ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे, आणि ते धातू याच चिखलात साठतात. म्हणजे पक्ष्याची सुगी आणि कोळ्याचा दुष्काळ एकाच गटारातून निघू शकतात!

म्हणून केवळ वरचे पाणी तपासून भागणार नाही. ते प्रत्येक भरतीला बदलते. चिखल आणि त्यावरील शैवालांच्या जाती नियमितपणे तपासल्या पाहिजेत आणि ते आकडे मराठीत, खाडीकाठच्या कोळीवाड्यांत जाहीर झाले पाहिजेत. नव्या सांडपाणी केंद्रांचा हिशेब किती लिटर पाण्यावर प्रक्रिया झाली एवढ्यावरच न थांबता नत्र आणि स्फुरद किती काढले, हेही विचारले पाहिजे. भांडुप, कांजूर, मुलुंड येथील कार्यकर्त्यांनी हा प्रश्न प्रभाग कार्यालयात नेताना मच्छीमारांना सोबत घ्यावे. चिखलाचा रंग केव्हा बदलला, हे त्यांच्याइतके कोणालाही ठाऊक नाही.