आमची रोजची भाकर



प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण पाव मागत नाही, भाकर मागतो. मराठी पवित्र शास्त्रात हाच शब्द आहे. भालकी, औराद, आळंदच्या गावांत तो ऐकला की ज्वारीचीच भाकर डोळ्यांपुढे येते. आपले कन्नड शेजारी तिला जोळद रोट्टी म्हणतात.

तरीही मंडळीच्या प्रीतिभोजनातून भाकर नाहीशी होत चालली आहे. नाताळला केक हवा, पाहुण्यांना पुरी-पुलाव हवा; भाकर म्हणजे गरिबीची खूण, असे मुलांनाही वाटू लागले आहे. आम्हांला हे पटत नाही. भाकर हा आपला वारसा आहे आणि आपली साक्षही आहे.

भाकरीने एखादा समाज कसा टिकतो, हे गारिफुना लोकांकडे पाहून कळते. आफ्रिकी आणि कॅरिबियन बेटांवरचे मूळ रहिवासी हे त्यांचे पूर्वज. १७९७ मध्ये इंग्रजांनी त्यांना सेंट व्हिन्सेंट बेटावरून काढून होंडुरासजवळच्या एका बेटावर नेऊन सोडले. जमीन गेली, भाकर राहिली. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तोच कसावा त्यांच्या बायका एकत्र बसून किसतात, त्यातला विषारी रस पिळून काढतात आणि मोठ्या तव्यावर पातळ भाकर भाजतात. आपल्या कडक भाकरीसारखी तीही पुष्कळ दिवस टिकते. होंडुराससह पाच देशांतली कसाव्याच्या भाकरीची परंपरा २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आली.

आपल्या भाकरीलाही दुःखाचा इतिहास आहे. आपल्यातल्या अनेकांच्या आजीच्या हातची भाकर गावात कोणी खात नसे. तिच्या पदरात मात्र शिळी भाकर दुरून टाकली जाई. अशांना प्रभूने आपल्या मेजावर बसवले. मग त्याच आजीची भाकर आपल्याच पंगतीत कमी प्रतीची कशी ठरते?

म्हणून आमची सूचना आहे. येत्या सुगीच्या सणाला आचारी बोलावू नये. प्रत्येक घराने ज्वारीचे पीठ आणावे, चर्चच्या आवारात चुली मांडाव्यात, पुरुषांनीही भाकरी थापायला बसावे. गावातल्या सर्व जातींच्या शेजाऱ्यांना जेवायला बोलवावे. कोण येईल आणि कोण येणार नाही, हे आपण आधीच ठरवू नये.

प्रार्थनेत आपण ‘माझी’ भाकर म्हणत नाही, ‘आमची’ म्हणतो. त्या ‘आमची’त कोणकोण बसते, हे आपल्या पंगतीत दिसले पाहिजे.